जंतुसंसर्ग आणि कमी वयातला हृदयविकार: संबंध काय, उपचार काय?

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला हार्ट अटॅक आला की घरचे विचारतात, "जंतूंमुळेही होतो म्हणे. मग अँटिबायोटिकचा कोर्स का देत नाही?" प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र नीट समजून घ्या.

जंतू रक्तवाहिनीपर्यंत कसे पोहोचतात?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या थरात वर्षानुवर्षे चरबी साचते आणि तिथे सूज राहते. शरीरात कुठेही संसर्ग झाला की ही सूज वाढते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि चरबीचा थर फुटण्याची भीती असते. १९८८ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त आढळल्या. पुढे हिरड्यांच्या आजाराचे जंतूही चरबीच्या थरात सापडले. पण जंतू सापडणे म्हणजे त्यांनीच आजार केला, असे सिद्ध होत नाही.

मग अँटिबायोटिकने फायदा होतो का?

नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ४,००० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. अटॅक आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. डेन्मार्कमधल्या क्लॅरिथ्रोमायसिनच्या अभ्यासात तर औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. ही औषधे काही जणांत हृदयाचे ठोके बिघडवतात. मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका.

खरा धोका कधी?

श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत अटॅकचा धोका सुमारे पाचपट असल्याचे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसले. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू उतरतो. न्यूमोनिया झालेल्या वयस्कर किंवा हृदयरुग्णाला जास्त जपा. तापात रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

तुमच्या हातात काय आहे?

- ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आला. तंबाखू, मिश्री, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर यांचाच त्यात मोठा वाटा होता. घरात कमी वयात अटॅक आला असेल, तर तिशीपासून तपासणी करा.
- हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याने अटॅक टळतो याचा पुरावा नाही, पण सूज नक्की कमी होते.
- हृदयरुग्णांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

गोंधळ करू नका

लहानपणी घशाच्या संसर्गानंतर होणारा वाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो, धमन्या नव्हे. त्या रुग्णांना पेनिसिलिनची इंजेक्शने वर्षानुवर्षे लागतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

ताबडतोब काय कराल?

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणे "तापाचा अशक्तपणा आहे" म्हणून टाळू नका. डोंगरी, उत्तनसारख्या भागातून भाईंदरला पोहोचण्यात वेळ जातो, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका आणि रुग्णाला दुचाकीवर बसवू नका. १०८ वर फोन करा. ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा.