संकवक
कवक आणि वनस्पतीचे मूळ यांचे सहजीवन. कवकाचे केसाहून बारीक तंतू मातीत दूरवर पसरतात आणि जिथे मूळ पोचत नाही तिथले पाणी व मुख्यतः फॉस्फरस आणून देतात. मोबदल्यात वनस्पती त्यांना आपल्या पानांत तयार झालेली शर्करा पुरवते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये या नात्याला नाव दिले. नाते मात्र फार जुने: स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ते दिसते, तेव्हा वनस्पती जमिनीवर स्थिरावल्या त्या बहुधा याच आधाराने. पाइन, ओक यांच्या मुळांवर कवक बाहेरून आवरण घालते. ज्वारी, तूर, कांदा यांत ते थेट पेशीत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडते. आमरीचे धुळीएवढे बी तर त्याच्याशिवाय रानात रुजतच नाही. मोहरी-कोबीच्या कुळात हे सहजीवन सहसा आढळत नाही.