किल्ली कोणाच्या कमरेला?

एकत्र कुटुंबांत कर्ती बाई कोण, हें ओळखावयास फारशी चौकशी लागत नसे. तिजोरी कोणत्या खोलींत आहे याला महत्त्व नव्हतें. किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे एवढें पाहिलें कीं पुरे होई. राज्यांची गोष्टहि फारशी निराळी नाहीं, आणि हल्लींच्या संगणकयुगांत तर ही घरगुती खूण पुन्हा एकदां मोलाची ठरली आहे.

ताथवडे हें गांव २००९ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. अंगावरून मुंबई-बंगळूर महामार्ग, पलीकडे हिंजवडीची संगणक-उद्योगाची वसाहत, आणि पूर्वींच्या शेतांच्या जागीं उभीं राहिलेलीं अभियांत्रिकी व व्यवस्थापनाचीं महाविद्यालयें, असें त्याचें आजचें रूप आहे. या सर्व पट्ट्यांतील कारखान्यांचीं व पेढ्यांचीं दप्तरें दिवसेंदिवस लोखंडी कपाटांतून निघून दुसऱ्या कंपन्यांच्या संगणकांवर, म्हणजे ज्यास 'क्लाउड' असें नांव पडलें आहे त्या भाड्याच्या जागेंत, जात आहेत. दप्तर परक्याच्या घरीं ठेवावयाचें तर किल्ली कोणीं घडवावयाची व कोणीं सांभाळावयाची, असा प्रश्न ओघानेंच आला. 'किल्ली आपली आपण घडवून आणावी' ही सोय त्यांतूनच निघाली. तिचें वय दहाबारा वर्षांचें. तिच्या मागचा प्रश्न मात्र महाराष्ट्रास फार जुना आहे.

त्याचा पुरावा ताथवड्याहून थोड्याच अंतरावर असलेल्या चिंचवडास सांपडतो. मोरया गोसाव्यांचे वंशज जे चिंचवडचे देव, त्यांस निरनिराळ्या राजवटींत इनामें मिळालीं. त्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करून लॉरेन्स प्रेस्टन या संशोधकानें १९८९ सालीं केंब्रिजहून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. मराठेशाहींत अशा इनामाचें पत्र एकट्या इनामदारास जात नसे. गांवच्या मोकदमास, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस व सरकारी अंमलदारासहि निरनिराळीं पत्रें लिहिलीं जात. या पत्रांच्या शेवटीं एक ठराविक कलम असे: पत्राची नक्कल दप्तरीं लिहून घ्यावी, व अस्सल पत्र इनामदाराच्या हवालीं परत करावें, दरसाल नवीन पत्राचा आग्रह धरूं नये. या छोट्याशा कलमांत किती शहाणपण साठविलेलें आहे! सरकारास कामापुरती नक्कल, आणि हक्काचें मूळ ज्याचा हक्क त्याच्या पेटींत.

या व्यवस्थेची कसोटी पुढें लागली. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनच्या चौकशीस कायद्याचें बळ मिळालें. घरोघरच्या सनदा मागवून त्या सरकारी दप्तराशीं ताडून पाहण्यांत येऊं लागल्या. ज्यांच्यापाशीं अस्सल कागद नव्हता, किंवा ज्यांचा कागद दप्तराशीं जुळला नाहीं, त्यांच्या पिढीजात उत्पन्नावर गदा आली. घरची पेटी वाळवीनें खाल्ली तर परक्याच्या वहींत जें असेल तें खरें मानावें लागतें, हा धडा महाराष्ट्रानें तेव्हां मोठी किंमत देऊन घेतला.

दुसरें उदाहरण शिक्क्यांचें. पेशवेपदाचीं वस्त्रें व शिक्के-कट्यार साताऱ्याहून यावयाचीं, आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर आधीं छत्रपतींचें नांव असावयाचें, हा रिवाज शेवटपर्यंत पाळला गेला. १७७४ च्या एप्रिलांत जन्मलेल्या सवाई माधवरावांसाठीं ते अवघे चाळीस दिवसांचे असतां साताऱ्याहून वस्त्रें आणावीं लागलीं, यावरून त्या रिवाजाचें वजन समजतें. पण १७४९ च्या डिसेंबरांत शाहू महाराज निवर्तल्यानंतर कारभार खरोखर कोठें चालत होता? मुद्रा साताऱ्याच्या नांवाची, परंतु ती कागदावर उठे पुण्याच्या दप्तरांत व पुण्याच्या कारभाऱ्यांच्या इच्छेनें. नाममुद्रा आपली असणें आणि ती कधीं उठावी हें ठरविणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या आजच्या विषयाचें मर्म या भेदांत आहे.

आतां किल्ली म्हणजे काय तें पाहूं. पानिपतच्या संहाराची वार्ता सावकाराच्या पत्रांतून मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या भाषेंत नानासाहेब पेशव्यांस कळली, ही हकीकत मराठी वाचकांस सुपरिचित आहे. मोत्यें म्हणजे कोण, हें ज्यास ठाऊक त्यास पत्र उलगडलें. इतरांस तो व्यापाराचा हिशेब. परंतु असा संकेत एकदां फुटला कीं पुन्हा उपयोगाचा राहत नाहीं. १८८३ सालीं ऑगस्त केर्कहोफ्स या जन्मानें डच, पण फ्रान्समध्यें अध्यापन करणाऱ्या पंडितानें एका फ्रेंच लष्करी नियतकालिकांत असा सिद्धान्त मांडला कीं, गूढलेखनाची रीत शत्रूच्या हातीं पडली तरी कांहीं बिघडूं नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. आजचें सर्व गूढलेखन या सिद्धान्तावर उभें आहे. डामेन व राइमेन या दोघां बेल्जियन शास्त्रज्ञांची रीत २००१ सालीं अमेरिकेनें प्रमाण म्हणून स्वीकारली. ती छापील आहे, कोणासहि वाचतां येते. तिची किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. २५६ बिटांच्या किल्लीचे जितके संभव आहेत ती संख्या लिहावयास ७८ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहणाऱ्या चोराचे जन्म पुरणार नाहींत.

क्लाउडमध्यें या किल्ल्यांची उतरंड असते. प्रत्येक दप्तरास एक लहान किल्ली, आणि ती लहान किल्ली एका थोरल्या किल्लीखालीं बंद करून दप्तराशेजारींच ठेविलेली. चोराच्या हातीं दोन्ही लागलीं तरी थोरल्या किल्लीवांचून तीं निरुपयोगी. ही थोरली किल्ली सांभाळण्याची सेवा अ‍ॅमेझॉन कंपनीनें २०१४ च्या नोव्हेंबरांत सुरू केली, आणि ग्राहकानें स्वतः घडविलेली किल्ली तींत आणून ठेवण्याची मुभा २०१६ च्या ऑगस्टांत दिली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें तिचें मुंबईचें केंद्र उघडलें होतें. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं भारतांत तीन केंद्रें उघडलीं, त्यांतलें एक पुण्याचें; तिच्याहि किल्ली-भांडारांत बाहेरची किल्ली आणतां येते.

ती आणावयाची कशी? वाटेंत कोणीं पाहिली तर सारेंच फुकट. येथें १९७६ सालीं डिफी व हेलमन यांनीं मांडलेली कल्पना कामीं येते: कुलूप लावण्याची किल्ली एक व उघडण्याची दुसरी, आणि पहिली चव्हाट्यावर ठेविली तरी धोका नाहीं. अ‍ॅमेझॉनच्या सेवेंत कंपनीचें बंदिस्त यंत्र अशी जोडी घडवितें व लावण्याची किल्ली, एका परवान्यासह, ग्राहकाकडे पाठवितें. या दोहोंची मुदत २४ तास. ग्राहक आपल्या घरीं थोरली किल्ली घडवितो, तिला तें कुलूप घालतो, आणि तो बंद डबा परत पाठवितो. डबा उघडतो तो त्या यंत्राच्या पोटांत. तेथून किल्ली पुन्हा उघडी बाहेर येत नाहीं. सावध संस्था ही किल्ली घडवितांना तिचे तुकडे निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे देतात, म्हणजे एकट्यास ती जुळवितां येऊं नये. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी सांगितले आहेत. एकाच्या फितुरीनें गड जाऊं नये हा त्यांतला हेतु, आणि येथेंहि हेतु तोच.

या खटाटोपानें काय साधतें? किल्लीचा जन्म आपल्या घरीं होतो व तिचें अस्सल आपल्या पेटींत राहतें. तिला मुदत घालतां येते. कंपनीनें घडविलेली किल्ली नष्ट करावयाची तर सात ते तीस दिवस वाट पाहावी लागते. आपण आणलेली किल्ली मात्र तत्काळ काढून घेतां येते, व त्या क्षणापासून कंपनीच्या घरचें आपलें दप्तर कोऱ्या कागदासारखें होतें. पण याची दुसरी बाजूहि आहे. काढून घेतलेली किल्ली पुन्हा बसवावयाची तर तीच बसवावी लागते. घरचें अस्सल हरवलें असेल तर दप्तर कायमचें गेलें, आणि कंपनीचा कोणताहि कारकून तें उघडून देऊं शकणार नाहीं. इनामदाराची वाळवी येथेंहि आहेच.

याहून मोठी मर्यादा साताऱ्याची. आणलेली किल्ली राहते कंपनीच्या यंत्रांत, आणि फिरते कंपनीच्या द्वारपालांच्या देखरेखीखालीं. अमेरिकेच्या २०१८ च्या 'क्लाउड अ‍ॅक्ट'प्रमाणें तेथील कंपनीच्या ताब्यांतील माहिती, ती कोणत्याहि देशांत ठेविलेली असो, तेथील न्यायासनाच्या हुकुमानें मागवितां येते. आमच्या रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानें देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतांतच ठेवावी असें फर्माविलें. त्यानें दप्तराची जागा ठरली. किल्लीचा धनी त्यानें ठरत नाहीं. तो प्रश्न ओळखूनच अ‍ॅमेझॉननें २०२२ च्या नोव्हेंबरांत आणखी एक सोय काढली: किल्ली ग्राहकाच्याच घरीं राहावी, व प्रत्येक वेळीं कंपनीनें तेथें विचारावयास यावें. स्वातंत्र्य मोठें, पण घरचें दार क्षणभर बंद राहिलें कीं सारें काम ठप्प.

शिवाय अस्सल किल्ली बनावट हुकुमापुढें हतबल असते, हेंहि विसरतां नये. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यांतली भीति खरी आहे. २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारें ९४ कोटी रुपये चोरांनीं लांबविले, ते पैसे देण्यास खोटी संमति देणारी यंत्रणा मध्यें घुसवून. किल्ली कोणापाशीं आहे याबरोबरच ती फिरविण्याचा हुकूम कोण देतो, याचाहि पहारा ठेवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो हक्क कागदावर आला. प्रत्यक्षांत तो रुग्णालयाच्या, पतपेढीच्या, शाळेच्या दप्तरांत राहतो, आणि तीं दप्तरें आतां आपल्या गांवांत नाहींत. म्हणून आपल्या मुलाबाळांची माहिती मागणाऱ्या संस्थेस सुशिक्षित गृहस्थानें तीन साधे प्रश्न विचारावे: किल्ली कोणीं घडविली, तिचें अस्सल कोणाच्या पेटींत आहे, आणि ती कोणाच्या शब्दानें फिरते? पहिल्या दोहोंचीं उत्तरें आतां सोपीं झालीं आहेत. तिसऱ्याचें उत्तर साताऱ्यासहि शेवटपर्यंत देतां आलें नाहीं.