परक्या तोंडची साक्ष : ‘राशोमोन’, ‘द आउटरेज’ आणि खानदेशचे दप्तर

सत्याच्या सापेक्षतेची चर्चा निघाली की मराठी समीक्षेत ‘राशोमोन’चे नाव एखाद्या प्रमाणवचनासारखे घेतले जाते. जितके साक्षीदार तितकी सत्ये, एवढाच त्या उल्लेखाचा आशय असतो. परंतु हा निष्कर्ष काढताना एक गोष्ट गृहीत धरली जाते : त्या न्यायालयात प्रत्येकाला बोलावले जाते आणि प्रत्येकाचे ऐकून घेतले जाते. दरोडेखोराचे, स्त्रीचे, इतकेच काय मृताचेही. इतिहासाच्या न्यायालयात असे क्वचितच घडते. हे ध्यानात येण्यासाठी मूळ कृतीपेक्षा तिचा दुय्यम दर्जाचा अमेरिकन अवतार अधिक उपयोगी पडतो, हा एक विरोधाभासच म्हणावा लागेल.

अकुतागावाच्या 1922 मधील कथेत सात जबान्या एकापुढे एक मांडलेल्या आहेत. त्यांना जोडणारा निवेदक नाही, निवाडाही नाही. 1950 मध्ये अकिरा कुरोसावाने याच लेखकाच्या 1915 मधील दुसऱ्या कथेतील पडक्या वेशीची चौकट तिला दिली, लाकूडतोड्याला प्रत्यक्षदर्शी केले आणि शेवटी टाकून दिलेले मूल आणले. 1951 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला. त्यातील साक्षींचे मर्म असे की, आरोपी सामान्यतः गुन्हा नाकारतो, येथे मात्र तिघेही मृत्यूचे कर्तेपण आपल्याकडे ओढून घेतात. दरोडेखोर म्हणतो मी मारले. स्त्रीच्या जबानीतून तिच्या हातून घडले असे सूचित होते. पती म्हणतो मी आत्मघात केला. साक्ष येथे घटनेचे वर्णन करीत नाही, ती आत्मप्रतिमा घडविते. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. त्याच्या जागी प्रेक्षक बसलेला असतो.

फे आणि मायकेल कॅनिन यांनी या कथावस्तूचे नाटक केले. ते 1959 मध्ये ब्रॉडवेवर आले. मायकेल कॅनिनच्याच पटकथेवरून मार्टिन रिटने 1964 मध्ये ‘द आउटरेज’ हा वेस्टर्न काढला. वेशीच्या जागी पावसात भिजणारे ओसाड रेल्वेस्थानक आले, भिक्षूच्या जागी धर्मोपदेशक आला, सामुराईच्या जागी दक्षिणेकडील खानदानी कर्नल. रूपांतर म्हणून यात कल्पकता आहे; परंतु पॉल न्यूमनने रंग फासून आणि बोलीचे सोंग आणून उभा केलेला मेक्सिकन दरोडेखोर कारास्को आज पाहवत नाही. सामुराई आणि दरोडेखोर यांच्यातील प्रतिष्ठेचे अंतर येथे वंशाचे अंतर होते, आणि त्याबरोबर साक्षीचे वजनही बदलते. शिवाय या चित्रपटात न्यायाधीश हे एक पात्रच आहे. प्रेक्षकाचे आसन त्यामुळे डळमळते.

सर्वांत बोलका बदल मात्र माध्यमाच्या पात्रात आहे. मृत पतीची साक्ष कुरोसावाकडे एक भगतीण देते. रिटकडे ते काम एका वृद्ध इंडियनाकडे आले आहे, आणि ती भूमिका पॉल फिक्स या गोऱ्या नटाने केली आहे. ज्या भूमीवर हे सारे घडते तिचा मूळ रहिवासी न्यायालयात येतो, तोंड उघडतो आणि कर्नलचे शब्द बोलतो. त्याची स्वतःची साक्ष कोणी मागत नाही.

तोंड एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे, ही रचना खानदेशच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. 1818 मध्ये हा प्रदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि 1825 मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावी होते. डोंगरातला भिल्ल यापुढे दोनच रूपांत कागदावर येतो : शिपाई किंवा लुटारू. खाज्या नाईक ही दोन्ही रूपे जगला. सेंधव्याच्या घाटाचा तो रखवालदार. एक संशयित त्याच्या हातून मेला म्हणून त्याला शिक्षा झाली, पुढे सुटका होऊन तो पुन्हा चाकरीत आला आणि 1857 मध्ये बंडात उतरला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे लढाई झाली. हाती लागलेल्या अनेकांना जागच्या जागी भरविलेल्या लष्करी न्यायालयाने गोळ्या घालण्याची शिक्षा दिली. कारास्कोला निदान गोष्ट सांगता आली. 1860 मध्ये खाज्या मारला गेला, आणि 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तो येतो तो सरकारी लेखणीतून. घाटाची रखवाली, ती गमावणे आणि शस्त्र उचलणे यांचा अर्थ तो स्वतः कसा लावीत होता, हे त्या पानांवरून कळत नाही. त्याची आत्मप्रतिमा, मग ती खोटी का असेना, तेथे नाही.

मराठी इतिहासलेखनाला परस्परविरोधी साक्षींचा प्रश्न राशोमोनच्या कितीतरी आधी पडला होता. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतासंबंधीच्या बखरी त्यांनी समकालीन पत्रांच्या कसोटीला लावल्या. अस्सल कागद हीच खरी साक्ष, हा त्यांचा दंडक. या दंडकाने मराठीत भाकडकथांची बरीच झाडलोट झाली, हे ऋण मोठेच आहे. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले आणि त्यांचे दप्तर जपणारे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. त्या धुळ्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. तिच्यातल्या माणसांनी पत्रे लिहिली नाहीत. कागदाचा दंडक लावताच ती साक्षीदार म्हणून बाद होतात आणि त्यांच्याविषयी लिहिणारा अंमलदार तेवढा अस्सल ठरतो. राजवाड्यांचा हा हेतू नव्हता. दंडकाची ती मर्यादा आहे.

मौखिक परंपरा आणली की सत्य हाती येईल, असेही नाही. गाणे बखरीइतकेच रचलेले असते आणि तेही आत्मप्रतिमाच घडविते. मुद्दा ते खरे असण्याचा नाही, जबानीच्या यादीत असण्याचा आहे. ‘सगळीच सत्ये सापेक्ष’ असे म्हणणाऱ्या समीक्षकाने ही यादी कोणी केली, हे आधी विचारायला हवे. अन्यथा त्याची सापेक्षता दप्तरात आधीच शिरलेल्यांपुरतीच उरते.

शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता त्या काळात, 1987 मध्ये, वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. ‘स्टेज’ या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत आदिवासी खाली बसलेले आहेत आणि त्यांचेच दुःख त्यांना वरून ऐकविले जात आहे. रिटच्या चित्रपटातील वृद्ध इंडियन निदान साक्षीच्या जागेपर्यंत पोहोचतो, शब्द मात्र त्याचे नसतात. सोनवण्यांच्या कवितेतील माणसांना तिथवरही बोलावणे येत नाही. शब्द मात्र, या खेपेस, त्यांच्यातल्याच एकाचे आहेत.