चेतकला खरारा कोण करायचं?

आजचा भाग सुरू होतो माथेरानला.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. दस्तुरी नाक्यावरून घोडा केला. वर पोचल्यावर घोडेवाल्या काकांनी खोगीर उतरवलं आणि नुसत्या तळहातानं घोड्याची पाठ चोळायला लागले. घोड्यानं मान खाली सोडली, डोळे अर्धे मिटले. मी फोटो काढला, घोड्याचं नाव विचारलं. राजा. काकांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

घरी आल्यावर या विषयावर वाचायला बसलो आणि किक्कुली भेटला.

आजच्या तुर्कस्तानात हित्ती साम्राज्याची राजधानी होती, हत्तुशा. तिथल्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या काहींवर रथाचे घोडे कसे तयार करायचे ते दिवसागणिक लिहिलंय. वय साधारण ३,४०० वर्षं! किती पळवायचं हे तर आहेच, पण नंतर कोमट पाण्यानं अंघोळ, अंगावर झूल, वेळेवर चारा-दाणा हेही आहे. थकलेल्या अंगाची काळजी हा तयारीचाच भाग.

मजा म्हणजे फेऱ्यांसाठीचे शब्द: एकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ! मजकूर हित्ती भाषेत, पण हे आकडे आपल्या ओळखीचे. कारण किक्कुली मितन्नी देशाचा, आणि तिथल्या घोड्यांच्या कामात संस्कृतच्या जवळची भाषा मुरलेली होती.

पुढे इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोननं घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. तो बजावतो, पाठीच्या कण्यावर कुठलंही अवजार लावू नका. हातानंच चोळा, केस वळतात त्याच दिशेनं. म्हणजे काका करत होते तेच.

याचा घोड्याला खरंच फायदा होतो का? घोडे एकमेकांची मान दातांनी हलकेच खाजवतात, बघितलं असेल. १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास छापून आला. मान आणि पाठ मिळतात तिथे माणसानं हातानं तसंच खाजवलं, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसऱ्या जागी खाजवलं तर होत नाहीत. म्हणजे जागा माहीत असणारा हात लागतो.

आपल्याकडे पागेत या हाताला मोतद्दार म्हणायचे. खरारा करायचा, चंदी द्यायची, पायाला सूज आहे का ते चाचपायचं. स्वाराच्या आधी घोड्याचं दुखणं यालाच कळायचं. पण चेतकचं नाव आपल्याला पाठ आहे. चेतकला खरारा कोण करायचं?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली, ते एका कमांडमध्ये दिसतं. इतिहासात तशी सोय नाही. म्हणूनच किक्कुली मला भारी वाटतो. त्याच्या मजकुराची सुरुवातच अशी आहे की हे मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली सांगतोय. घोड्यांची नावं नाहीत, राजाचं नाव पुढे नाही. आधी घोडे सांभाळणाऱ्याचं नाव.

माझ्या फोनमधल्या फोटोखाली अजून 'राजा, माथेरान' एवढंच लिहिलंय. काकांचा फक्त हात आलाय त्यात, घोड्याच्या पाठीवर.

पुन्हा जाईन तेव्हा आधी नाव विचारणार. चला, भेटू पुढच्या भागात!