दोन विंगांमधली मोकळी जागा

सोसायटीची नोंदणी, बिल्डरशी झालेली भांडणं, पाण्याच्या टाकीचं महाभारत, हे सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं असेलच. मी जरा मागचा इतिहास सांगतो. आपल्या ए आणि बी विंगांच्या मधे जी मोकळी जागा आहे, जिच्यावर गच्चीच्या पातळीवर कायमचं पारदर्शक छत घालायचा प्रस्ताव सध्या फिरतो आहे, त्या जागेचा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत माणसं गाठोडी बांधून शहर सोडून पळाली. १८९८ साली सरकारने कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट, दमट हवेतच रोग फोफावतो, असा अधिकाऱ्यांचा समज. खरा गुन्हेगार म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. म्हणजे निदान अर्धवट, पण औषध कामाला आलं! समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्यापायी गरिबांची घरं पाडली गेली आणि सगळ्यांना काही नवी मिळाली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हिशोब सोपा आहे: समोरच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी सोडा. चाळीस फुटी इमारत, तर वीस फूट. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेडावर आणि हवेवर व्याख्यानच दिलं होतं. आकडे बदलले, तरी इमारत उंच तशी बाजूची जागा जास्त, हे तत्त्व आजच्या नियमांतही आहे.

आता आपल्या घरात वारा येतो कसा, ते बघा. पश्चिमेच्या खिडकीतून तो आत येतो, पण बाहेर पडायला वाट असली तरच. ती वाट म्हणजे स्वयंपाकघराची, चौकाकडची खिडकी. ती बंद केली की समोर कितीही वारा सुटू दे, पडदा हलत नाही. आणि मुंबईच्या दमट हवेत वाऱ्याने खोलीचं तापमान फारसं उतरत नाही, अंगावरचा घाम वाळतो म्हणून गार वाटतं. पुण्याच्या वाड्यांचं गणित वेगळं. तिथली हवा कोरडी, म्हणून दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या आणि रात्री चौकात उतरलेला गारवा घरात घ्यायचा.

उंच इमारतीला हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कंबाला हिलवरची कांचनजंगा बघावी. चार्ल्स कोरिया यांची, १९८३ सालची. अठ्ठावीस मजले आणि घरं फक्त बत्तीस! पश्चिमेकडून वारा हवा, पण त्याच बाजूने दुपारचं ऊन आणि पाऊसही येतो. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या केल्या आणि घरं पूर्व-पश्चिम दोन्हीकडे उघडी ठेवली. अर्थात तशी घरं आपल्याला परवडणारी नव्हेत, पण वारा तोच.

छताच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. पावसात चौक ओला होतो, गणपतीत पंचाईत होते. खरं आहे. पण पारदर्शक पत्रा ऊन आत घेणार आणि चौकातली तापलेली हवा वर जाऊन त्याच्याखाली अडकणार. त्यात आता एसीचे एकोणीस डबे (मी मोजले आहेत) याच चौकात गरम हवा फेकतात. सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं कसं राहायचं? आणि ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांनी? गणपतीच्या दहा दिवसांसाठी खाली ताडपत्रीचा मांडव पुरतो, पंचवीस वर्षं पुरला आहे.

प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. सभेआधी सर्वांनी एकदा दुपारी तीनच्या सुमारास आपली चौकाकडची खिडकी बंद करावी, दहा मिनिटांनी उघडावी, आणि मग मत द्यायला यावं.