अकरा ओळींचा धडा

संगणकाच्या पडद्यावर चित्रे आणि बटणे येण्यापूर्वी मनुष्य त्याच्याशी लेखी आज्ञांनी बोलत असे. एक ओळ लिहावी, कळ दाबावी आणि उत्तराची वाट पाहावी, असा तो शिरस्ता. आज्ञावली रचणारी मंडळी आजही पुष्कळशी कामे त्याच शिरस्त्याने उरकतात. अशी आज्ञा घडवून ती जगाच्या स्वाधीन कशी केली जाऊ लागली, याचा इतिहास अल्प असला तरी बोधप्रद आहे.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. ती प्रामुख्याने ब्राउझरमध्येच नांदत होती. २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोडमुळे ती स्वतंत्रपणे कामास लागली, आणि २०१० मध्ये एनपीएम हे सार्वजनिक भांडार उघडले. आपल्या कृतीचे नाव, तिची आवृत्ती आणि कोणता शब्द लिहिला असता कोणती फाईल चालावी, एवढे एका लहानशा पत्रकात नमूद केले की एका आज्ञेनिशी प्रकाशन पार पडते.

परंतु ही भाषा स्वभावाने सैल. ५ या संख्येत '५' हे अक्षर मिळविले, तर ती तक्रार न करता ५५ असे उत्तर देते. या सैलपणाला शिस्त लावण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०१२ रोजी टाइपस्क्रिप्ट पुढे आणली. तिचे एक प्रमुख शिल्पकार अँडर्स हायल्सबर्ग. येथे संख्या हवी, तेथे शब्द हवा, असा प्रत्येक मूल्याचा प्रकार आधी लिहून ठेवावयाचा. मग कंपायलर विसंगती हेरतो आणि अखेरीस त्या खुणा पुसून साधी जावास्क्रिप्ट हाती देतो. अर्थात वापरणारा प्रत्यक्षात काय टंकील, त्यावर त्या खुणांचा पहारा राहत नाही. ती तपासणी रचनाकारालाच वेगळी लिहावी लागते.

आणखी एक गोष्ट कोणताही कंपायलर तपासू शकत नाही. २२ मार्च २०१६ रोजी एका रचनाकाराने, नावावरून झालेल्या वादात रुष्ट होऊन, आपल्या २७३ कृती भांडारातून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या अकरा ओळींची एक कृती होती. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरून त्याची लांबी पुरी करणे, एवढेच तिचे काम. तथापि बॅबलसारखी मोठी साधने तिच्यावर विसंबून होती, आणि ठिकठिकाणची बांधणी एकाएकी अडली. व्यवस्थापकांनी काही तासांतच ती कृती परत ठेवली, आणि प्रसिद्ध झालेली कृती मनास येईल तेव्हा मागे घेण्यावर पुढे निर्बंध घातले.

कृती रचनाकाराची असली, तरी तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचाही तिच्यावर काही हक्क पोहोचतो काय? त्या निर्बंधांनी या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. आपल्या नावे काही प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या तरुणांनी ती आज्ञा देण्यापूर्वी या उत्तराचा क्षणभर विचार करावा.