निवडणूक रोखे

निवडणूक रोखे ही भारतातील राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी २०१८ ते २०२४ या काळात अमलात असलेली योजना होती. देणगीदाराचे नाव जनतेपासून गुप्त ठेवणे हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली.

पार्श्वभूमी

कंपन्यांनी पक्षांना पैसा द्यावा काय, हा वाद जुना आहे. अशी देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रकात बदल करू घेतला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाने १९५७ मध्ये बदलास संमती दिली; परंतु अशा देणग्यांमुळे लोकशाहीला धोका पोहोचू शकतो, असा इशारा मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याच निकालात दिला. १९६९ मध्ये संसदेने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली. ती १९८५ मध्ये उठली, मात्र नफ्याच्या प्रमाणात मर्यादा कायम राहिली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ही मर्यादा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५% होती.

स्वरूप

२०१७ च्या वित्त अधिनियमाने ही मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे तोट्यातील कंपनीलाही कितीही रक्कम देण्याची मुभा मिळाली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवण्याचे बंधनही गेले. त्याच अधिनियमाने रिझर्व्ह बँक, लोकप्रतिनिधित्व व आयकर कायद्यांतही दुरुस्त्या केल्या. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग या दोघांनीही या बदलांवर लेखी आक्षेप नोंदवले होते.

रोखे केवळ भारतीय स्टेट बँकेत, १ हजार ते १ कोटी रुपयांच्या पाच दर्शनी मूल्यांत मिळत. ते १५ दिवसांत पक्षाच्या खात्यात जमा करावे लागत. ही गुप्तता एकतर्फी होती: मतदाराला काहीच कळत नसे, पण खरेदीदाराची ओळख सरकारी मालकीच्या बँकेकडे नोंदलेली असे. शिवाय प्रत्येक रोख्यावर केवळ अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांकही होता.

निकाल

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स व इतरांच्या याचिकांवर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने एकमताने निर्णय दिला, न्या. संजीव खन्ना यांनी स्वतंत्र पण सहमतीचे निकालपत्र लिहिले. पक्षांना पैसा कोठून मिळतो हे जाणणे मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा, म्हणजेच घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) चा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. देणगीच्या बदल्यात लाभ मिळवण्याची शक्यता त्याने विचारात घेतली आणि कंपन्यांना दिलेली अमर्याद मुभा मनमानी, म्हणून अनुच्छेद १४ च्या विरुद्ध ठरवली.

माहितीचे प्रकटीकरण

तपशील देण्यासाठी स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यानंतरची, मुदत मागितली. न्यायालयाने ती ११ मार्च रोजी नाकारली. दुसऱ्याच दिवशी बँकेने माहिती सादर केली. १४ मार्चला ती आयोगाने प्रसिद्ध केली, परंतु रोख्यांचे क्रमांक नसल्याने कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे जुळत नव्हते. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला क्रमांकही उघड झाले. सर्वांत मोठी खरेदीदार फ्युचर गेमिंग ही लॉटरी व्यवसायातील कंपनी होती (सुमारे १,३६८ कोटी रुपये), तर सर्वाधिक रक्कम भारतीय जनता पक्षाला मिळाली. काही खरेदीदार कंपन्यांवर तपास यंत्रणांची कारवाई झालेली होती. देणग्या व लाभ यांच्या संबंधांची विशेष पथकामार्फत चौकशी करण्याची मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली.